लाल बार, हिरवे बार

आमच्या ऑफिसात नवीन मॅडम येईपर्यंत माझ्या चार्टमधले सगळे बार निळे असायचे. धरमपेठेत औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे, तिथं मी बरीच वर्षं नोकरी करतो. आमच्या गोदामातून विदर्भातल्या लहानमोठ्या गावांना माल जातो. कोणत्या गावाला महिन्याभरात किती खेपा उशिरा पोचल्या हे बघायचं आणि महिन्याच्या बैठकीसाठी त्याचा चार्ट करायचा, हे माझं काम. एका गावाला एक उभा बार. उशीर जास्त तेवढा बार उंच. ते निळेच का, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला सरळ आणि कामाला कडक. आल्या आठवड्यातच त्या माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि स्क्रीनवरचा चार्ट बघत म्हणाल्या, "सर, चार्ट चांगला आहे, पण वाचावा लागतो. ज्या गावांनी उशिराची हद्द ओलांडली त्यांचे बार लाल करा, बाकीचे हिरवे. एका नजरेत कळलं पाहिजे."

"करतो," मी म्हणालो.

"आणि एकेक बार हातानं रंगवू नका. कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. आकडा बदलला की रंग आपोआप बदलला पाहिजे."

"हो."

त्या उठून गेल्या. मी तसाच बसून राहिलो. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत.

हे लोकांना सांगितलं की त्यांना वाटतं मला सगळं काळंपांढरं दिसतं. तसं नाही. मला रंग दिसतात, पण लाल, हिरवा, नारिंगी, तपकिरी हे एकाच घरातले भाऊ असल्यासारखे दिसतात. उजेडात ठेवून, बाजूबाजूला धरून, कधी अंदाजानं मी त्यांची नावं घेतो. निम्म्या वेळा चुकतो. लहानपणी चित्रकलेच्या वहीत मी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली होती. सरांना वाटलं मी टवाळी करतोय. त्यांनी वही सगळ्या वर्गाला दाखवली. घरी आईनं ती बघितली आणि तिला हसू नाही आलं. ती म्हणाली, "माह्या बापालेबी असंच होतं. त्याले पिकलं बोर अन् कच्चं बोर सारखंच दिसे." एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली. पण त्या दिवसापासून माझे शाळेचे कपडे ती एका बाजूला वेगळे काढून ठेवायला लागली.

निळ्याचं मात्र तसं नव्हतं. दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीवर जायचो. गावोगावची माणसं, जेवणाच्या पंगती, पुस्तकांची दुकानं, आणि जिकडं बघावं तिकडं निळे झेंडे. बापाच्या खांद्यावर बसून ते बघताना मला कुणाला काही विचारावं लागत नसे. सगळ्यांना जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. मोठा झाल्यावर कॉम्प्युटर हातात आला तेव्हा चार्टसाठी मी दुसरा रंग कधी उघडूनच बघितला नाही, त्याचं कारण एवढंच.

पंचविशीच्या आत रेल्वेत इंजिनावरच्या नोकरीची परीक्षा मी पास झालो. बाप आयुष्यभर रेल्वेच्या वर्कशॉपात हातोडा मारत आला होता. पोरगा इंजिनात बसणार म्हणून त्यानं शेजारपाजारी पेढे वाटले. मग वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची एक जाड चोपडी पुढं धरली आणि म्हणाले, "यातला अंक वाचा." पहिल्या पानावरचा वाचला. पुढच्या पानावर नुसते ठिपके होते. त्याच्या पुढच्या पानावरही. डॉक्टर पानं उलटत गेले. शेवटी त्यांनी चोपडी मिटली आणि म्हणाले, "बाहेर बसा."

घरी येऊन मी बापाला सांगितलं, "डोळ्यात नापास झालो."

"मंग चष्मा लावून घे ना."

"चष्म्यानं होत नाही हे. मले लाल अन् हिरवा सिग्नल सारखाच दिसते."

बाप उठून बाहेर गेला. अंगणात सायकल उलटी करून तिची चेन साफ करत बसला, अंधार पडेपर्यंत. रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे असं बघत होता जसं काही मी लांब कुठून तरी आलोय आणि आपली ओळख नाही.

बायकोला मी लग्नाआधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते मला वाटलंच नाही. पहिल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी इतवारीच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी साडी आणली. तिला पोपटी रंग फार आवडायचा. दुकानदारानं गाद्यांवर ढीग टाकला, मी बोट दाखवून म्हणालो, "ही द्या." तिनं घडी उघडली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छान आहे." दोन-तीन लग्नांत नेसली. मग एकदा माझी बहीण बोलून गेली, "वहिनीले हा विटकरी रंग कसा काय आवडला?"

रात्री जेवताना मी विचारलं, "साडी विटकरी आहे?"

"तुम्हाले कोणती दिसली होती?"

"पोपटी."

"मग पोपटीच आहे," ती म्हणाली आणि मला वरण वाढलं. थोड्या वेळानं विचारलं, "आधी काहून नाही सांगितलं?"

त्यानंतर आमच्या घरात रंग बोलले जायला लागले. ती सहज बोलायची, मुद्दाम नाही. टमाटे निवडताना, "हा घ्या, हा लाल आहे, तो राहू द्या." कपाट उघडलं की, "त्या पँटीवर हा शर्ट नाही चालत." रस्त्यानं जाताना, "काय सुंदर पळस फुलला आहे, पूर्ण केशरी." मला पळस झाडासारखाच दिसायचा, पण ती म्हणाली की मी मान हलवायचो आणि त्या झाडाकडे जास्त वेळ बघायचो. आम्हाला मूलबाळ झालं नाही. दोघंच होतो, आणि आमचं बोलणं अर्धं अधिक असंच होतं.

ती आजारानं गेली. आजार लांबला नाही. तिच्यानंतर प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. माणूस गेल्याचं दुःख लोक समजून घेतात, येतात, बसतात. पण टमाट्यांच्या गाड्यापुढं पिशवी घेऊन उभं राहिल्यावर काय होतं ते कुणाला सांगावं? मी दाबून बघतो, गाडेवाला म्हणतो, "साहेब, दबाओ मत, खराब होता है." मग मी कांदे, बटाटे घेऊन घरी येतो. चिकन शिजलं की नाही हे रंगावरून कळत नाही म्हणून ते जास्तच शिजवतो, चामड्यासारखं होईपर्यंत. शर्ट मी आता फक्त पांढरे आणि निळे घेतो. पळस फुलतो की नाही मला माहीत नाही.

तर मॅडमनी सांगितलेलं काम. शनिवारी ऑफिसात सगळे असताना मला ते करून बघायचं नव्हतं. रविवारी सकाळी लॅपटॉप घरी जेवणाच्या टेबलावर मांडला. कंडिशनल फॉरमॅटिंग मला आकड्यांच्या चौकटींपुरतं येत होतं. अट लावली, चौकटी रंगल्या असाव्यात, पण चार्टमधले बार निळेच राहिले. तासभर खटपट केल्यावर समजलं की चार्ट ती अट ऐकतच नाही. चौकटीला रंग चढतो, बारला चढत नाही.

मग इंटरनेटवर एका माणसाचा व्हिडिओ सापडला. त्यानं साधी युक्ती सांगितली. आकड्यांच्या शेजारी आणखी दोन रकाने करायचे. पहिल्यात लिहायचं, आकडा हद्दीच्या वर असेल तर तो इथं आण, नसेल तर जागा रिकामी सोड. दुसऱ्यात त्याच्या उलट. मग चार्ट मूळ आकड्यांचा न करता या दोन रकान्यांचा करायचा. प्रत्येक गावाचा आकडा दोनांपैकी एकाच रकान्यात असतो, म्हणून प्रत्येक गावाला एकच बार दिसतो. दोन्ही रकान्यांचे बार एकमेकांवर पूर्ण सरकवले की मधल्या रिकाम्या फटीही जातात. पहिल्या रकान्याला एकदा लाल द्यायचा, दुसऱ्याला एकदा हिरवा. त्यानंतर आकडे बदलत राहतील, बार आपलं आपण या रंगातून त्या रंगात जात राहतील.

मी ते केलं. रंग निवडायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. पण रंगाच्या चौकोनावर बाण नेला की त्याचं नाव खाली येतं, हे मला तेव्हा कळलं. लाल असं नाव आलं, दाबलं. हिरवा असं नाव आलं, दाबलं. स्क्रीनवर मातकट बारांची एक रांग उभी राहिली. एक आकडा बदलून बघितला. त्या बारमध्ये काही झालं का? झालं असावं. बाजूच्या रकान्यात तो आकडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला होता, त्यावरून मी मानून घेतलं की रंगही गेला. बरोबर आहे ना, एवढं विचारायला घरात कुणी नव्हतं. शेजाऱ्यांचं दार वाजवावं असं मनात आलं. काय सांगणार होतो? चार्टमध्ये कोणता बार लाल आहे ते जरा येऊन सांगता का? मी लॅपटॉप बंद केला आणि दुपारभर टीव्ही लावून बसलो.

बैठक थंडीतल्या एका सकाळी होती. गावोगावचे डेपो सांभाळणारी माणसं मफलर, स्वेटरात आली होती. पडद्यावर चार्ट आला. मॅडम खूश झाल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "आता कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही."

भिवापूरचा डेपो सांभाळणारे एक भाऊ मागं बसले होते. माझ्याच वयाचे असतील, कमी बोलणारे, इतक्या वर्षांत आमचं नमस्काराच्या पुढं बोलणं झालेलं नव्हतं. त्यांनी हात वर केला. "मॅडम, एक विचारू का? माह्या गावाचा बार चांगल्यातला आहे का वाईटातला?"

"रंग बघा ना," मॅडम म्हणाल्या.

"रंगच तर नाही समजून राहिला. मले सगळे एकसारखेच दिसतात."

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, मोतीबिंदू झाला वाटते!" ते भाऊही हसले, आणि हसता हसता समोरच्या कागदांकडे बघायला लागले. ते हसणं मी ओळखलं. तसा मी हजार वेळा हसलो आहे.

"भिवापूर लाल आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढं जायला लागल्या. मी लॅपटॉपपाशी उभा होतो. गप्प राहिलो असतो तर बैठक पुढं गेली असती आणि चहा आला असता.

"मॅडम," मी म्हणालो, "मलाही सारखेच दिसतात."

"म्हणजे?"

"मला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही. लहानपणापासून."

"पण चार्ट तर तुम्हीच केला."

"मी नुसती अट लिहिली. रंग कॉम्प्युटरनं घेतले. बरोबर घेतले की नाही हे मला आत्ता कळलं, तुम्ही भिवापूर लाल म्हणालात तेव्हा."

मग सगळे एकदम बोलायला लागले. चहाच्या वेळी मला घेराव पडला. हा पेन कोणत्या रंगाचा? ही फाईल? माझा स्वेटर? मग सिग्नलवर गाडी कशी चालवता? मी उत्तरं देत गेलो. चुकलं की ते हसायचे, बरोबर आलं की टाळी द्यायचे. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की इतक्या लोकांत मी इतका वेळ कधी उभा नव्हतो आणि इतका एकटाही कधी पडलो नव्हतो.

दुपारी मॅडम टेबलापाशी आल्या. "सर, मी आधी विचारायला हवं होतं."

"तुम्हाला कसं कळणार?"

"तुम्हाला कोणते रंग नीट दिसतात ते सांगा."

सगळी माणसं मला काय दिसत नाही ते विचारत आली होती. काय दिसतं हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. "निळा," मी म्हणालो. "आणि पिवळा." त्यांनी तिथंच बसून दोन्ही रकान्यांचे रंग बदलायला सांगितले. हद्द ओलांडलेले बार पिवळे झाले, बाकीचे निळे. मी स्वतः केलेला हा नवा चार्ट मला पहिल्यांदा वाचता आला.

निघायच्या आधी भिवापूरचे भाऊ मला शोधत आले. आम्ही खाली टपरीवर चहा घेतला. मग ते म्हणाले, "तुम्हाले झाडाचं पान कसं दिसते?"

"पानासारखं."

"मलेही पानासारखंच दिसते," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही खूप हसलो. हसू ओसरल्यावर मला जाणवलं की त्यांचं पान आणि माझं पान एकच आहे की नाही, हे आम्हालाही कधी कळणार नाही. ते मी त्यांना बोललो नाही.

"घरी मिरचीचं वावर आहे," जाता जाता ते म्हणाले. "तोडा चालू आहे. रविवारी या."

असं आमंत्रण लोक देतात आणि आपण हो म्हणतो, जात नाही. पण रविवार आला आणि घरात बसवेना. उमरेडवरून जाणारी बस धरून मी भिवापूरला गेलो. गावाबाहेर त्यांचं वावर होतं. बायका ओळीनं वाकून मिरच्या तोडत होत्या, बाजूला तोडलेल्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिखट वासानं मला शिंका आल्या. भाऊ म्हणाले, "लहानपणी मी याच वावरात मार खाल्ला. लाल तोड म्हणे बाप, अन् मी हिरव्याही तोडत जाओ. त्याले वाटे पोरगा कामचुकार आहे. आता बोटानं दाबून पाहतो, पिकलेली नरम लागते. पण बायांच्या बरोबरीनं नाही होत."

आम्ही दोघं एका ओळीत शिरलो. मी मिरच्या दाबत चाललो. काही वेळानं भाऊंच्या बायकोनं माझ्या टोपलीत डोकावून पाहिलं, दोन मिरच्या उचलून धरल्या आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, तुम्ही राहू द्या," ती मला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "अन् तुम्हीही राहू द्या जी. दोघं तिकडं झाडाखाली बसा. तुमच्या मिरच्या मलेच पुन्हा निवडा लागतात." ओळीतल्या बायका खळखळून हसल्या. आम्ही टोपल्या ठेवून बोरीखाली जाऊन बसलो. भाऊंनी पाय लांब केले. त्यांना कधी रेल्वेची परीक्षा द्यावीशी वाटली होती का, त्यांनी बायकोला कधी सांगितलं, असं बरंच काही विचारायचं मनात होतं. त्यातलं मी काहीच विचारलं नाही. ते पावसापाण्याचं बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. मध्येच त्यांची बायको दुरून ओरडली, "पाणी पाहिजे का?" ते म्हणाले, "आण." ती आली, पाणी दिलं, त्यांच्या खांद्यावरचा पाला झटकला आणि परत गेली. मी दुसरीकडे बघितलं.

उन्हं उतरल्यावर ते मला बसपर्यंत सोडायला आले. हातात वाळलेल्या मिरच्यांची पिशवी दिली. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "पोचल्यावर फोन करजा," म्हणाले.

पोचल्यावर फोन कर असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. प्रताप नगरला घरी आलो, दिवा लावला, चप्पल काढली आणि फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते जरा लवंडले खाटेवर, भाऊ. दिवसभर उन्हात होते ना. पोचले तुम्ही?"

"पोचलो."

"जेवले का?"

"अजून नाही."

"काय केलं आहे?"

"काही नाही. बघतो आता."

"असं नका करू. पोळ्या येतात का तुम्हाले?" ती म्हणाली, आणि मी नाही म्हटल्यावर पिठात पाणी किती घालायचं, कणीक किती वेळ झाकून ठेवायची, ते सांगायला लागली. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात गेलो आणि पिठाचा डबा उघडला.